विज्ञानशिक्षणाच्या इतिहासासाठी ग्रंथालय: काही महिन्यांच्या वापरानंतर

शाळेत विज्ञान कधी आलं, प्रयोग कुणी आणले, मधेच ते का गायब झाले, या प्रश्नांच्या मागे मी गेले कित्येक महिने आहे. त्यासाठी ग्रंथालयाचा कॅटलॉग, डेटाबेस, डिजिटल संग्रह, आंतर-ग्रंथालय देवघेव आणि संदर्भ ग्रंथपालाची मदत असं सगळं वापरून झालं. आता माझं मत पक्कं झालंय. या विषयावर लिहिलेले इतिहासग्रंथ वाचून वर्गाबद्दल जेवढं कळतं, त्याहून कितीतरी जास्त जुनी क्रमिक पुस्तकं, शाळा तपासनिसांचे अहवाल आणि उपकरणांची सूचीपत्रं सांगतात. आणि ही सामग्री सहजासहजी समोर येत नाही, शोधावी लागते.

सुरुवातीलाच दमवते ती मांडणी. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, विज्ञानाचं शिक्षण ५०७ वर, भौतिकशास्त्राचं ५३०.०७ वर, रसायनाचं ५४०.७ वर आणि प्राथमिक शाळेतलं विज्ञान थेट ३७२.३५ वर, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या कपाटात. एकाच कपाटासमोर उभं राहून हा विषय हाती लागणं शक्यच नाही. यावर मला सर्वात उपयोगी पडलेला मार्ग म्हणजे एक चांगलं पुस्तक मिळालं की कॅटलॉगमधली त्याची पूर्ण नोंद उघडायची आणि तिथल्या विषयशीर्षकावर क्लिक करायचं. विज्ञान, त्याचं अध्ययन-अध्यापन, त्याचा इतिहास अशी उतरंड तिथे तयारच असते. शोधचौकटीत मनाला येतील ते शब्द टाकण्यापेक्षा हे फार बरं, कारण १८५० च्या पुस्तकात ‘विज्ञानशिक्षण’ हा शब्दप्रयोग सापडेलच असं नाही.

जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहणं हे या कामातलं खरं सुख. जेन मार्सेट यांचं ‘कन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ १८०६ मध्ये लेखिकेच्या नावाविना निघालं. मिसेस बी. आणि तिच्या दोन विद्यार्थिनी, एमिली आणि कॅरोलाइन, यांच्यातला हा संवाद. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेल्या, पण तेव्हा बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडेनं ते वाचलं, हे अनेकांना ठाऊक असतं. पण डिजिटल संग्रहात त्याच्या अमेरिकी आवृत्त्या उघडा. शीर्षकपृष्ठावर कॉमस्टॉक आणि ब्लेक या संपादकांची नावं दिसतात आणि आत विद्यार्थ्यांची तपासणी घेण्यासाठी प्रश्नांची लांबलचक माळ जोडलेली असते. मुलींनी शंका विचाराव्यात म्हणून लिहिलेलं पुस्तक शिक्षकानं उत्तरं वदवून घेण्याचं साधन कसं झालं, ते अशा दोन प्रतींतून कुणीही न सांगता कळतं. म्हणून असं पुस्तक फक्त लेखकाच्या नावानं शोधू नका, शीर्षकानंही शोधा.

तपासनिसांचे अहवाल कंटाळवाणे असतील अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. इंग्लंडमध्ये किंग्ज सोम्बोर्न या खेड्यात रिचर्ड डॉज हे पाद्री १८४० च्या दशकात शेतमजुरांच्या मुलांना रोजच्या वस्तूंमधून विज्ञान शिकवत होते. हेन्री मोझली या तपासनिसानं त्याची मनापासून दखल घेतली. पुढे १८६२ च्या ‘रिव्हाइज्ड कोड’ या शाळांसाठीच्या नियमावलीनं सरकारी अनुदान मुख्यतः वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या निकालांना बांधलं आणि शाळांना विज्ञान शिकवण्यात काही फायदाच उरला नाही. हा बदल सलग वर्षांचे अहवाल ओळीनं वाचताना जसा जाणवतो तसा कुठल्याही सारांशात जाणवत नाही. माझा सर्वाधिक वेळ इथे गेला आणि तो सत्कारणी लागला असंच मी म्हणेन.

डेटाबेसबद्दल थोडक्यात. एरिक हा शिक्षणविषयक लेख-अहवालांचा ऑनलाइन डेटाबेस मोफत आहे आणि १९६० च्या दशकानंतरच्या शिक्षणविषयक लेखनासाठी उत्तम आहे. त्यात ‘ईडी’नं सुरू होणारा क्रमांक दिसला तर जरूर उघडा, कारण ते बहुधा कुठल्या मासिकात न छापलेले अहवाल असतात आणि अनेकांची पूर्ण पीडीएफ मिळते. एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांसाठी मात्र एरिकचा उपयोग नाही. तिथे पूल्स इंडेक्स, म्हणजे त्या काळच्या मासिकांतल्या लेखांची छापील सूची, लागतो. त्यात लेखाचा खंड आणि पान मिळतं, वर्ष मिळत नाही, ते वेगळ्या तक्त्यावरून काढावं लागतं. संदर्भ ग्रंथपालानं हे समजावून दिलं नसतं तर मी ते सूचिग्रंथ बाजूलाच ठेवले असते. ग्रंथपालाला प्रश्न विचारताना ‘काहीतरी माहिती हवी’ असं मोघम न म्हणता कोणता काळ, कोणता देश, कोणती इयत्ता ते सांगा. कामाचा वेग एकदम बदलतो.

तारखा पडताळण्यासाठीही ग्रंथालयच कामी येतं. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहामुळे अमेरिकेत विज्ञानाचे अभ्यासक्रम बदलले, हे वाक्य जिथे-तिथे वाचायला मिळतं. स्पुटनिक सोडला गेला ४ ऑक्टोबर १९५७ ला. जेरॉल्ड झकारियास यांच्या पुढाकारानं एमआयटीत भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमाची समिती, म्हणजे पीएसएससी, १९५६ मध्येच स्थापन झाली होती. स्पुटनिकनंतर पैसा आणि घाई वाढली हे खरं, पण काम आधीच सुरू झालं होतं. अभिलेखागाराच्या सूचीत या समितीच्या कागदपत्रांच्या खोक्यांवर नोंदलेली वर्षं पाहिली तरी हे ध्यानात येतं.

आता तक्रारी. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत घडीची चित्रपानं पुष्कळदा न उलगडताच टिपलेली असतात. उपकरणाची आकृती नेमकी त्या घडीत असते आणि आपल्याला दिसतो फक्त कागदाचा पांढरा पाठपृष्ठभाग. अशा वेळी छापील प्रतीला पर्याय नाही, देवघेवीतून मागवा. दुसरं, मासिकांचे अंक बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची पद्धत होती. विज्ञानशिक्षकांच्या मासिकात सूक्ष्मदर्शक, हवेचा पंप, काचनळ्या यांच्या जाहिराती म्हणजे शाळांना काय विकत घेता येत होतं याचा पुरावा असतो, आणि तोच कापला गेलेला असतो. ही उणीव काही अंशी भरून निघते ती विक्रेत्यांच्या सूचीपत्रांतून. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या ग्रंथालयात अशा व्यापारी छपाईचा मोठा संग्रह आहे. हार्वर्डनं १८८० च्या दशकात प्रवेशासाठी भौतिकशास्त्राच्या प्रयोगांची यादी काढली, त्यानंतर विक्रेते त्या प्रयोगांसाठी तयार संच विकू लागले. अशी सूचीपत्रं त्या यादीशेजारी ठेवून वाचावीत.

विद्यार्थ्यांच्या वह्या हव्या असतील तर कॅटलॉगवर थांबू नका. त्या बहुतेक हस्तलिखितं किंवा कौटुंबिक कागदपत्रं म्हणून नोंदवलेल्या असतात आणि त्यांचा पत्ता अभिलेखागारांच्या स्वतंत्र सूचींत लागतो. तिथे जाण्याआधी खोक्याचा क्रमांक लिहून पाठवा आणि फोटो काढायची परवानगी आधीच विचारून घ्या.