दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजणारं यंत्र: आठ महिने वापरल्यावर

गोठ्यात अकरा गाई, त्यातल्या तिघींचा माज मुका. हंबरणं नाही, सोट (माजातला चिकट स्राव) नाही. म्हणून हे यंत्र घेतलं. प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन माजाच्या वेळी तळाला जातं, गाभण गाईत चढंच राहतं. पट्टीवर दूध टाकायचं, पट्टी आत सरकवायची, थोड्या वेळात आकडा.

सुरुवातीला मी आकडा सोडून पट्टीवरची रेघच बघायचो आणि फसायचो. या पट्टीत रेघ गडद म्हणजे प्रोजेस्टेरॉन कमी. दुधातलं आणि पट्टीवरचं, दोन्ही एकाच अँटिबॉडीला (हॉर्मोन पकडणाऱ्या, रंग लावलेल्या प्रथिनाला) चिकटायला धडपडतात. दुधात ते कमी असलं की पट्टीवरच्याला जागा मिळते आणि रेघ गडद होते. दुसरा घोळ दुधाचा. हे हॉर्मोन स्निग्धांशात विरघळतं, त्यामुळे पहिल्या धारेचा आकडा वेगळा, शेवटच्या धारेचा वेगळा. आता त्या गाईची धार पूर्ण काढून, चरवी ढवळूनच नमुना घेतो.

आकडा कमी आला म्हणजे गाय माजावर आली, असंही नाही. नुकत्याच व्यालेल्या, अजून माजाचं चक्र सुरू न झालेल्या गाईचाही कमीच येतो. आधी चढा असलेला आकडा खाली आला, तर त्याला अर्थ. म्हणून मुक्या माजाच्या तिघींचं दूध दर दोन-तीन दिवसांनी तपासतो. पट्ट्या भरपूर लागतात, हा खर्च धरूनच यंत्र घ्या.

खरा उपयोग भरवल्यानंतर (रेतन केल्यावर) 21व्या दिवशी. आकडा तळाला असेल तर गाय रिकामी, यात जवळपास शंका नाही. चढा असेल तर मात्र पेढे वाटू नका. एका गाईचा छान चढा होता, महिन्याभराने सोनोग्राफीत गर्भच नाही. गर्भ मागाहून जिरतो, किंवा पीतपिंड (अंडाशयातली, हे हॉर्मोन बनवणारी गाठ) उगाच टिकून राहतो. यंत्राला काय कळणार?

तक्रार एकच, पण मोठी. पट्ट्यांचा एक डबा खराब निघाला. सगळ्याच गाई माजावर! त्या भरवशावर एक गाभण गाय पुन्हा भरवणार होतो, म्हणजे गर्भपाताला आमंत्रणच. तेव्हापासून नवा डबा फोडला की आधी पक्क्या गाभण गाईचं दूध तपासतो. तिचा आकडा चढा आला नाही तर डबा परत.

आमचे डॉक्टर आधी या यंत्राला हसायचे. माजावर आणण्याचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन पीतपिंड असेल तरच लागू पडतं, त्यामुळे आता सिरिंज भरण्याआधी तेच विचारतात, "आज आकडा किती?"