धरमपेठेतील शिकवणी वर्ग: अतिवाहकतेचा भाग कसा शिकवतात?

एम.एस्सी. आणि नेटच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी वर्गाने उन्हाळ्यात घेतलेला घनअवस्था भौतिकीचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला. हे परीक्षण त्यातील अतिवाहकतेच्या, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर काही पदार्थांचा विद्युतरोध पूर्ण नाहीसा होण्याच्या, भागापुरतेच आहे.

1911 साली कामरलिंग ओनेस यांना 4.2 केल्विनच्या सुमारास पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला आढळला, तेथपासून 1933 च्या माइस्नर परिणामापर्यंतचा (अतिवाहक आपल्या आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो) इतिहास सरांनी झटपट उरकला, आणि ते योग्यच केले. खरा कस लागतो तो ऋण प्रभाराचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांकडे ओढले जातातच कसे, या प्रश्नावर. त्यासाठी त्यांनी अख्खा तास दिला. इलेक्ट्रॉन स्फटिकजालातून वेगाने निघून जातो, पण जड धन आयन सावकाश त्याच्या वाटेकडे सरकतात आणि परतायलाही वेळ लावतात, त्यामुळे पहिला इलेक्ट्रॉन बराच दूर गेल्यावर मागे रेंगाळलेल्या धन प्रभाराकडे दुसरा ओढला जातो आणि त्यांच्यातील प्रतिकर्षणावर मात होते. बहुतेक नोट्स हा कालविलंब एका ओळीत गुंडाळतात; येथे तो फळ्यावर टप्प्याटप्प्याने काढून दाखवला गेला. मग पाऱ्याचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वस्तुमानाचे पाऱ्याचेच अणू, आले: वस्तुमान वाढले की संक्रमण तापमान (ज्याच्या खाली रोध नाहीसा होतो ते) त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, हे 1950 मध्ये दिसले होते, म्हणजे जालाच्या कंपनांचा, अर्थात फोनॉनांचा, यात हात आहे. एवढी पूर्वतयारी झाल्यावर अशा आकर्षणातून बनणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांवर उभा असलेला 1957 चा बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांत जड गेला नाही.

तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल. 1986 मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी शोधलेल्या, बऱ्याच जास्त तापमानाला अतिवाहक होणाऱ्या ताम्र-ऑक्साइडांना जेमतेम अर्धा तास मिळाला आणि झेरॉक्स नोट्समध्ये 'तेथेही फोनॉनच' असे ठामपणे छापले आहे. या पदार्थांची मूळ संयुगे प्रतिलोहचुंबकीय (शेजारच्या अणूंचे चुंबकत्व उलट दिशांना असलेली) विद्युतरोधक असतात, इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची सममिती डी-तरंग प्रकारची (दिशेनुसार चिन्ह बदलणारी) असते, आणि इलेक्ट्रॉनांच्या फिरकीच्या (स्पिनच्या) चढउतारांतून आकर्षण निर्माण होते असे अनेकांचे मत असले तरी सर्वमान्य सिद्धांत अजून नाही. केवळ तापमान जास्त म्हणून यंत्रणा वेगळी, असेही नव्हे. 2015 मध्ये प्रचंड दाबाखाली 203 केल्विनला अतिवाहक झालेले हायड्रोजन सल्फाइड फोनॉनच्या चौकटीत बसते. हा फरक वर्गात निघालाच नाही. नोट्समध्ये अतिवाहकतेचा आणखी एक सिद्धांत, गिन्झबर्ग-लान्दाऊ यांचा,ही 1957 नंतरचा दाखवला आहे, तो 1950 चा आहे.

कूलरच्या घरघरीत मागच्या बाकावर निम्मे शब्द हरवतात, तेव्हा पुढे बसावे. नेटपुरता विचार असेल तर फी वसूल होते. ताम्र-ऑक्साइडांवर प्रबंध करणाऱ्यांनी मात्र पहिल्या भागापुरताच प्रवेश मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे.