ब्लेचली पार्क : दोन तिकिटे काढूनच पाहावे असे ठिकाण

लंडनच्या यूस्टन स्थानकातून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पाऊण तासाच्या आसपास ब्लेचली येते आणि स्थानकाबाहेर पडून थोडेसे चालले की ब्लेचली पार्कचे फाटक लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे कूटसंदेश जिथे फोडले जात, ती ही जागा. ब्रिटिश सरकारच्या कूटलेखन खात्याची माणसे १९३९च्या ऑगस्टमध्ये येथे राहायला आली. जागा निवडताना रेल्वेचाही विचार झाला होता, कारण लंडनचा मार्ग आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज जोडणारा मार्ग हे दोन्ही ब्लेचलीला एकत्र येत आणि खात्याला हवी असलेली माणसे प्रामुख्याने याच दोन विद्यापीठांतून यायची होती. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला मी, मुलीकडे मुक्कामाला असताना येथे दोनदा जाऊन आलो. दोनदा जावे लागले यात दोष माझाच होता आणि तो इतरांच्या हातून घडू नये, हे या लेखनाचे एक कारण आहे.

घोळ असा होतो की एकाच आवारात दोन स्वतंत्र संग्रहालये आहेत. ब्लेचली पार्कच्या तिकिटात जुना वाडा, लाकडी बराकी आणि प्रदर्शनाच्या इमारती पाहता येतात. ‘कोलोसस’ हे प्रचंड गणनयंत्र मात्र शेजारच्या राष्ट्रीय संगणक संग्रहालयात आहे. त्याचे व्यवस्थापन वेगळे, तिकीट वेगळे आणि ते रोज उघडे नसते. पहिल्या दिवशी ते बंद असल्याचे मला दुपारी चार वाजता कळले. ब्लेचली पार्कचे तिकीट वर्षभर चालते, त्यामुळे त्याचा भुर्दंड दुसऱ्यांदा पडला नाही. तरीही जाण्यापूर्वी दोन्ही ठिकाणचे वार पाहून घ्यावेत.

प्रवेश ‘ब्लॉक सी’ मधून आहे. युद्धकाळात या इमारतीत छिद्रित कार्डांचे काम चालत असे. तिथून तळ्याच्या कडेने वाड्याकडे जाता येते. सर हर्बर्ट लिऑन या धनिकाने नटवलेल्या या वाड्यात खातेप्रमुख कमांडर डेनिस्टन यांची खोली त्या काळच्या पद्धतीने मांडली आहे आणि अनेकजण छायाचित्रे काढण्यात तेथेच तासभर घालवतात. मला विचाराल तर तिथे वीस मिनिटे पुरेत.

खरे पाहण्यासारखे आहे ते बराकींमध्ये. ‘हट’ म्हणवल्या जाणाऱ्या या फळ्यांच्या इमारतींना केवळ क्रमांक होते आणि कामाची वाटणीही क्रमांकानेच ओळखली जाई. जर्मन भूदल आणि वायुदल यांचे, ‘एनिग्मा’ या कूटयंत्रावर तयार केलेले संदेश सहामध्ये फोडायचे आणि त्यांचा अर्थ तीनमध्ये लावायचा. नौदलाचे संदेश आठमध्ये फोडायचे आणि चारमध्ये वाचायचे. सहा आणि तीन या बराकी शेजारी होत्या. फोडलेला कागद एका लाकडी बोगद्यातून पलीकडे ढकलला जाई आणि ढकलण्यासाठी वापरत केरसुणीचा दांडा! १५९वर अठरा शून्ये द्यावीत इतक्या रचना ज्या यंत्रात संभवतात, त्याचे कोडे सोडवणारी व्यवस्था शेवटी एका दांड्यावर चालत होती, हे ज्याने सरकारी कचेरीत आयुष्य काढले आहे त्याला लगेच पटेल.

या बराकींचे जीर्णोद्धाराचे काम २०१४ मध्ये पुरे झाले आणि ते संयमाने केलेले आहे. काचेच्या कपाटांची गर्दी नाही. टेबले, काळोख्या खिडक्या, मंद दिवे आणि भिंतींवर हलणाऱ्या माणसांच्या सावल्या आहेत. ध्वनिमुद्रित संवाद ऐकू येतात, पण गर्दी असली की शेजारच्या खोलीतला आवाज मिसळून शब्द कळेनासे होतात. प्रकाश इतका कमी आहे की चाळिशी लागलेल्याला भिंतीवरची माहिती वाचणे जड जाते. आठ क्रमांकाच्या बराकीत ॲलन ट्युरिंग यांची खोली आहे आणि त्यांचा कप चोरीला जाऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधलेला दाखवला आहे. सगळ्यांत मोठी रांग येथेच असते. त्याच बराकीत काम करणाऱ्या जोन क्लार्क यांची हकीकत मला अधिक भावली. त्यांना पगारवाढ देण्यासाठी योग्य पदश्रेणी नव्हती, म्हणून त्यांची नेमणूक ‘भाषातज्ज्ञ’ या श्रेणीत करण्यात आली, आणि अर्जात श्रेणीपुढे ‘भाषातज्ज्ञ’ व अवगत भाषांपुढे ‘एकही नाही’ असे लिहिण्यात त्यांना मोठी मौज वाटे.

युद्ध संपत आले तेव्हा येथे आणि उपकेंद्रांवर मिळून नऊ-दहा हजार माणसे कामाला होती आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. ‘बाँब’ नावाची, टनभर वजनाची, एनिग्माच्या रोजच्या जुळण्या (त्या दिवशीची यंत्राची मांडणी) शोधणारी यंत्रे प्रामुख्याने महिला नौदलाच्या मुली चालवीत. पोलंडच्या मारियान रेयेव्स्की, हेन्रिक झिगाल्स्की आणि येझी रुझित्स्की या गणितज्ञांनी युद्धापूर्वीच एनिग्मात शिरकाव केला होता आणि १९३९च्या जुलैत आपले ज्ञान ब्रिटिशांच्या व फ्रेंचांच्या स्वाधीन केले होते. तबेल्याच्या अंगणात त्यांचे स्मारक आहे. ते वाटेवर असूनही पुष्कळांच्या नजरेतून सुटते. थांबून पाहावे.

गुप्ततेविषयी या संग्रहालयाने जे केले आहे, ते मला सर्वांत प्रामाणिक वाटले. एका बराकीतल्या माणसाला दुसरीत काय चालते हे ठाऊक नसे. येथे काम केलेली कित्येक जोडपी लग्नानंतरही एकमेकांशी कामाविषयी बोलली नाहीत. १९७४ मध्ये या प्रकरणाची जाहीर वाच्यता होईपर्यंत तीस वर्षे हजारो घरांत हे मौन पाळले गेले. कित्येकांचे आईबाप त्याआधीच वारले होते. आपल्या मुलीने युद्धात काय केले, हे त्यांना कधीच कळले नाही. आवारात नावे कोरलेल्या विटांची एक भिंत आहे. तिच्यासमोर बोट फिरवीत नाव शोधणारी वृद्ध मंडळी मला दोन्ही दिवशी दिसली.

दुपारच्या खाण्याची सोय चार क्रमांकाच्या बराकीत आहे. जर्मन पाणबुड्यांच्या संदेशांचे अर्थ लागत होते तिथे आता सूप, सँडविच आणि चहा मिळतो. चहा ठीक, सूप गरम. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण घरून डबा नेल्यास तळ्याकाठी बसून खाता येते आणि तेच बरे.

दुसऱ्या तिकिटाकडे वळतो. बर्लिनचे वरिष्ठ सेनाधिकारी एनिग्मावर विसंबत नसत. त्यांच्यासाठी लॉरेन्झ कंपनीचे बारा चाकांचे यंत्र टेलिप्रिंटरला जोडलेले असे. ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन कर्मचाऱ्याने सुमारे चार हजार अक्षरांचा एक संदेश, थोडा काटछाट करून, त्याच जुळणीवर दुसऱ्यांदा पाठवला. त्या आळसातून दोन्ही मजकूर वेगळे काढले ते जॉन टिल्टमन यांनी. १९२०च्या दशकात याच गृहस्थांनी सिमल्यात बसून रशियन संदेश फोडले होते. पुढे तरुण बिल टट यांनी यंत्र डोळ्यांनी न पाहता त्याची अंतर्गत रचना कागदावर मांडली. आणि हे काम वेगाने करणारे यंत्र बांधले टॉमी फ्लॉवर्स या टेलिफोन अभियंत्याने. ब्रिटनमध्ये टेलिफोन टपाल खात्याकडे होते, जसे पुढे आपल्याकडे डाक-तार खात्याकडे राहिले.

दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, एका यंत्रात घातले तर ते टिकणार नाहीत, असे जाणत्यांचे मत होते. व्हॉल्व्ह जातात ते सतत चालूबंद केल्याने, अखंड चालू ठेवल्यास ते टिकतात, हे फ्लॉवर्सना टेलिफोन एक्स्चेंजच्या अनुभवाने ठाऊक होते. अकरा महिन्यांत कोलोसस तयार झाले आणि जानेवारी १९४४ मध्ये ब्लेचलीला आले. सुधारित दुसरे यंत्र १ जूनला, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईआधी पाच दिवस सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत अशी दहा झाली. नंतर बहुतेक मोडून टाकण्यात आली, आराखडे जाळायचा हुकूम सुटला आणि फ्लॉवर्स यांनी ते स्वतः भट्टीत घातले. बक्षीस म्हणून त्यांना १,००० पौंड मिळाले, ज्यात त्यांचा पदरचा खर्चही भरून निघाला नाही. ट्युरिंग ५० पौंडांच्या नोटेवर आहेत. फ्लॉवर्सना भेटायला मात्र दुसरे तिकीट काढावे लागते. व्यवस्थापनांची अडचण मला कळते, पण एकत्र तिकिटाची सोय झाली तर अर्धी गोष्ट घेऊन परतणारे पर्यटक कमी होतील.

टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा उभारलेले कोलोसस ‘ब्लॉक एच’ मध्ये, नवव्या मूळ यंत्राच्या जागी उभे आहे आणि ते चालते. कागदी पट्टी सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या वेगाने चाकांवरून फिरते, खोली उबदार होते आणि जवळ उभे राहिले की तापलेल्या व्हॉल्व्हचा वास येतो. येथले मार्गदर्शक स्वयंसेवक आहेत आणि प्रश्न विचारणारा भेटला की खुलतात. त्याच इमारतीत लॉरेन्झचे काम करणारे ब्रिटिश ‘टनी’ यंत्र पुन्हा बांधून ठेवले आहे. त्यात टेलिफोन खात्याचे रिले आणि युनिसिलेक्टर, म्हणजे विजेने आपोआप हलणारे स्विच, आहेत. ते सुरू झाले तेव्हा होणारा खटखटाट मी पुण्यातल्या जुन्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला कितीतरी वर्षे ऐकला होता. मी डोळे मिटून ऐकत उभा राहिलेला पाहून तिथल्या वृद्ध स्वयंसेवकाने विचारले, ‘टेलिफोनवाले का?’ मग त्यांनी झाकण उघडून एक युनिसिलेक्टर बोटाने पुढे सरकवून दाखवला आणि संग्रहालय बंद होण्याची घंटा होईपर्यंत आम्ही स्पर्शबिंदू कसे घासून साफ करायचे याच गप्पा मारत होतो.