गणपतीपुळं की गावखडी? एका संध्याकाळचा हिशेब

माझी मावसबहीण नुकतीच लग्न होऊन रत्नागिरीत आली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, “ताई, शनिवार-रविवारी दोघांनीच कुठे जायचं तर कुठे जाऊ गं? सगळे गणपतीपुळ्याला जा म्हणतात.” मी “जा की, छान आहे” म्हणून मोकळी झाले, कारण आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, ते इथे लिहिते. अजून कुणी विचारात असेल तर तिलाही उपयोग होईल.

आधी आमची परिस्थिती. नवरा सरकारी नोकरीत. २०२० पासून त्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे शनिवारी हा सकाळपासून घरीच. मी पतपेढीत, मला शनिवारी दोनपर्यंत कामावर जावं लागतं. घरी येऊन, जेवून, ओटा आवरून निघेपर्यंत चार वाजतात. वाहन एकच, स्कूटर. म्हणजे आमच्या हातात असते ती चार ते आठ एवढीच वेळ. या हिशेबात मालवण, हर्णै, तारकर्ली आपोआप बाद होतात. उरतात दोन दिशा. उत्तरेला शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे-वारे करत गणपतीपुळे, किंवा दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड आणि मुचकुंदीच्या पुलापलीकडे गावखडी. स्कूटरला दोन्हीकडे पाऊण ते एक तास धरा.

रस्त्याचं म्हणाल तर पुळ्याचा रस्ता जास्त देखणा आहे, यात वाद नाही. आरे-वाऱ्याच्या चढावरून एका बाजूला एक किनारा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे दोन्ही एकदम दिसतात, तेव्हा मागे बसलेल्या माणसाचं बोलणं आपोआप थांबतं. मी तरी थांबते. फक्त शनिवारी तिथल्या वळणावर निम्मं कोल्हापूर आणि पाव पुणं फोटो काढायला उभं असतं, आणि नेमकं वळणावरच. पावसचा रस्ता त्या मानाने साधा. आमराया, गडगे, चिऱ्याची घरं, मध्येच खाडीचा तुकडा.

आता समुद्राची वेळ. माझं माहेर देवरूखचं, तिकडे समुद्र नाही, त्यामुळे हे मला सासऱ्यांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट काढायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असली की आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फसत नाही. तेव्हा षष्ठी ते दशमीच्या दरम्यान संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला पुळण, म्हणजे वाळू, कमी मिळते. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे मात्र सहाच्या सुमाराला पाणी लांब गेलेलं असतं. मी कालनिर्णय बघूनच शनिवार ठरवते, आणि आईंना वाटतं सून उपासतापास बघते आहे. तो गैरसमज मी दूर केलेला नाही.

पाण्यात उतरण्याचा विचार असेल तर दोन्हीकडे माझं उत्तर नाहीच असं आहे. पुळ्याचा आणि आरे-वाऱ्याचा समुद्र वरून दिसतो तसा भोळा नाही. पट्टीचे पोहणारे तिथे बुडालेले आहेत. घोट्यापर्यंत पाय भिजवावेत आणि परत यावं.

गणपतीपुळ्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मी ते प्रामाणिकपणे सांगते. देव डोंगरातच स्वयंभू, त्यामुळे प्रदक्षिणा सगळ्या डोंगराला घालावी लागते. साधारण एक किलोमीटरची ती वाट, एका बाजूला झाडी, खाली लाटांचा आवाज. दोघांनी काही न बोलता चालायला ती वाट उत्तम. शेजारीच मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. १८६६ साली ज्या घरात ते जन्मले त्याच्या ओटीवर दुपारीही गार वाटतं, आणि शनिवारीही तिथे गर्दी नसते हे माझं निरीक्षण. खायचं मिळतं, मोदक मिळतात, आंबापोळी-फणसपोळी घरी न्यायला मिळते. आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह आहे. हा मुद्दा पुरुषांच्या लिखाणात कधी येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पूर्ण रविवार मोकळा असेल तर पुढे जयगडहून फेरीबोटीत स्कूटर घालून शास्त्रीची खाडी ओलांडता येते. पलीकडे तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर. हेदवीची बामणघळ (कातळातली अरुंद घळ, भरतीला तिच्यातून पाणी उंच उसळतं) बघायची तर पौर्णिमेच्या आसपास दुपारी भरतीलाच पोचा, आणि कडेला उभं राहू नका. हे सगळं दक्षिणेला नाही.

तर मग माझं घोडं अडलं कुठे?

लग्नानंतरचे पहिले सहा महिने आम्ही इमानेइतबारे पुळ्यालाच जात होतो. मोजून सात फेऱ्या झाल्या. त्यात पाच वेळा कुणी ना कुणी ओळखीचं भेटलं. रत्नागिरी जिल्ह्यातला प्रत्येक माणूस, आणि घाटावरचा प्रत्येक नातेवाईक, कधी ना कधी पुळ्याला येतोच, आणि तो बहुधा आम्ही गेलेलो असू तेव्हाच येतो. कोकणात नवीन लग्न झालेल्या बाईला भेटल्यावर एकच प्रश्न विचारायचा असतो. तो विचारताना आवाज जरा खाली आणायचा आणि नजर पोटाकडे न्यायची. “काय गं, काही विशेष?”

चैत्रातली गोष्ट. दर्शन झालं होतं, हा पार्किंगमधून स्कूटर काढायला गेला होता आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तिखटमीठ लावलेली कैरी खात होते. वर्तमानपत्राच्या पुडीत सहा फोडी, त्यातली तिसरी तोंडात. समोरून सासऱ्यांच्या चुलत बहीण, सांगलीच्या आत्या, अख्खी ट्रॅव्हलर भरून देवाला आलेल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुडीकडे, मग परत माझ्याकडे. “काही विशेष?” मी म्हणाले, “छे, काही नाही.” पण तोंडात कैरी असताना ‘काही नाही’ कसं ऐकू येतं ते तुम्ही म्हणून बघा. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि “नीट राहा हो” म्हणून गाडीत जाऊन बसल्या.

सोमवारी सकाळी देवरूखहून आईचा फोन. “मला सगळ्यांत शेवटी सांगायचं ठरवलं होतंस का?” इकडे सासूबाईंनी मला काहीच विचारलं नाही, पण दोन दिवस धुण्याची बादली माझ्या हातातून काढून घेतली जात होती आणि भातावर तूप जरा जास्त पडत होतं. तिसऱ्या दिवशी मीच न राहवून सांगितलं की आई, तसं काही नाही. त्या “बरं” म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या. चूक माझी नव्हती, तरी ते सांगताना मला चोरी पकडल्यासारखं का वाटावं, हे मला अजून कळलेलं नाही. आणि कैरी खायची माझी इच्छा तेव्हापासून जी गेली ती गेली.

त्यानंतरच्या महिन्यात आम्ही परत निघालो होतो. लक्षातच राहिलं नव्हतं की त्या दिवशी संकष्टी. साखरतरच्या अलीकडेच गाड्यांची रांग. नवऱ्याने काही न बोलता स्कूटर वळवली, शहरातून आरपार आला आणि भाट्याचा पूल ओलांडला. झरी विनायकापाशी थांबू म्हणाला, थांबला नाही. पावसला थांबला नाही. पूर्णगडला खाली मुचकुंदी समुद्राला मिळताना दिसली, तिथे जरा वेग कमी केला. गावखडीला सुरूच्या बनाशी स्कूटर लावली तेव्हा साडेपाच झाले होते.

सुरूचं बन म्हणजे काय तर पायाखाली सुकलेल्या काड्यांचा जाड थर, चालताना आवाज नाही, आणि वर वाऱ्याचा एकसारखा सूं आवाज. बन संपलं की लांबच लांब पुळण. त्या दिवशी तिथे आम्ही दोघं, एक पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा माणूस आणि त्याचा कुत्रा. आम्ही थर्मासमधला चहा काढला, चिवड्याचा डबा उघडा ठेवला. बिळातून एक पांढुरकी कुर्ली आली. डोळे वर काढून तिने इकडेतिकडे बघितलं, डब्याशी सांडलेला शेंगदाणा नांगीत धरला आणि तिरकी पळाली. मी न कळत आमच्या आईंच्या आवाजात ओरडले, “ठेव, ठेव तिथे! भरलेल्या घरात चोऱ्या करतेस?” मांजराला त्या असंच म्हणतात, अगदी त्याच सुरात. यावर नवरा इतक्या मोठ्याने हसला की पागवाल्याने मागे वळून बघितलं. घरात दोन खोल्या, मधला पडदा, सासरे नऊला झोपतात, त्यामुळे आमचं सगळं बोलणं-हसणं दबक्या आवाजातलं. हा माणूस एवढ्या मोठ्याने हसतो हे मला लग्नानंतर आठव्या महिन्यात कळलं.

आता दक्षिणेकडचे तोटेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. किनाऱ्यावर बाईमाणसाची सोय नाही. आम्ही जाताना पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतो आणि तिथेच काय ते उरकून घेतो. सहानंतर खायला फारसं मिळत नाही, डबा घरून न्यावा लागतो, म्हणजे तो करणं आलं, आणि तो कुणी करायचा हेही आलं. (चिवड्याचा डबा भरायला नवऱ्याला येतो. मी शिकवलं.) परतीचा रस्ता काळोखा. पेट्रोल शहरातच भरून घ्या. कुत्री मागे लागतात. अंधाराची भीती वाटत असेल किंवा कडेवर लहान मूल असेल, तर पुळंच बरं, हे मी मनापासून म्हणते.

पण थोडा जास्त वेळ असेल तर दक्षिणेला अजून खाली कशेळी आहे. कनकादित्याचं म्हणजे सूर्याचं देऊळ. आख्यायिका अशी की सोमनाथाकडून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, व्यापाऱ्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली, आणि कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला. ती घळ म्हणून खालचा किनारा देवघळी. देवाच्या नावात बाईचं नाव आधी येतं, हे मला आवडतं. तिथल्याच सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि त्या हत्तीच्या अंगात कितीतरी लहान प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. हत्तीच्या कडेने फिरताना आम्ही आतले मासे आणि प्राणी मोजत होतो, त्याचा आकडा वेगळा आणि माझा आकडा वेगळा. अजून भांडण मिटलेलं नाही.

थंडी सरताना गेलात तर गावखडीला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. अंडी जाळीच्या कुंपणात जपतात, पिल्लं निघाली की सकाळी नाहीतर संध्याकाळी सोडतात. मिळेलच असं नाही. आम्ही तीनदा गेलो, एकदा मिळालं. तळहाताहून लहान पिल्लू, पहिल्या लाटेने उलटं पडलं, दुसऱ्या लाटेत दिसेनासं झालं.

तर मावसबहिणीला माझं सांगणं असं. देवाला जायचं असेल, घरातली सगळी असतील, तर पुळं. दोघांनाच जायचं असेल तर निदान एकदा भाट्याचा पूल ओलांडून बघ. तुझा अनुभव वेगळा असू शकतो, तुझ्या सासरची माणसं कमी फिरती असतील. माझ्यापुरतं विचारशील तर गेल्या सहा महिन्यांत गावखडीला नऊ फेऱ्या झाल्या आणि ‘काही विशेष’ शून्य वेळा.

गेल्या रविवारी आईंना घेऊन पुळ्याला गेलो होतो, दिरांच्या गाडीतून. प्रदक्षिणेच्या वाटेवर त्यांच्या माहेरच्या कुणी भेटल्या. मी चपला शोधायच्या निमित्ताने मागे राहिले, तरी ऐकू आलं. “सुनेकडे काही विशेष?” आई म्हणाल्या, “आहे ना, तिची बढती झाली पतपेढीत.” बढती वगैरे काही झालेली नाही. परतताना गाडीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग काळबादेवीच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, “ती तुमची कुठली ती गावखडी, तिथे एकदा ने की मला.”

या रविवारी द्वितीया आहे. भरती दीडला, म्हणजे साडेसातला पूर्ण ओहोटी, पुळण भरपूर मिळेल. पाचला निघायचं ठरलंय. स्कूटरवर तिघं मावत नाही, म्हणून दिरांची गाडी परत मागायला हवी. म्हणजे जाऊबाईंना सांगणं आलं.