बुलेटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

स्लो स्पीड, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो, एका जागी टिकतो. किटकडून मला तेवढंच हवं होतं आणि ते मिळालं. संथ 'धुक… धुक' ऐकायची हौस असेल त्यांनी मात्र यावर पैसे घालू नयेत.

गाडी जुनी कास्ट आयर्न 350, बारा व्होल्टची. रोजचं अमळनेर-पारोळा, मध्येच चोपडा नाहीतर धुळे. पॉइंट म्हणजे कॅमवर उघडझाप करून स्पार्क पाडणारा स्विच. त्याचा गॅप 0.35 ते 0.40 मिमीत बसवला की गाडी झकास चालायची. पण कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटत जातो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, नकळत मागे सरकतं. इंजिन जास्त तापतं, स्लो पडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हे फारच जाणवतं.

किट घेण्याआधी ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढेल तसा वजनं बाहेर फेकून स्पार्क लवकर पाडणारा भाग) उघडून बघाच. स्प्रिंगा ढिल्या असल्या तर वजनं स्लोवरच बाहेर फेकली जातात, स्पार्क लवकर पडतो आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी स्पीड खाली येत नाही. स्क्रू मागे घेतला की गाडी चौकात बंद. लोक बिचारे कार्बोरेटर धुऊन धुऊन दमतात! माझं किट जुन्याच ऑटो ॲडव्हान्सवर बसतं, म्हणून आधी नव्या स्प्रिंगा टाकल्या. खरं सांगायचं तर निम्मा फरक तिथेच पडला.

टायमिंग वजनं मिटलेली असताना टॉपच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या, 0.8 मिमी आधी. या 90 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात ते साडेनऊ अंशांच्या आसपास येतं. टॉपजवळ पिस्टन जेमतेम हलतो, त्यामुळे मोजताना 0.2 मिमी इकडेतिकडे झालं तरी अंशाहून जास्त फरक पडतो. त्यात प्लगचं भोक तिरपं. स्पोक घालून मोजणं म्हणजे अंदाजपंचे. आमच्या मिस्तरींनी डावीकडचं चेनकेस उघडून डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावलं. पॉइंट असताना ॲम्पियरचा काटा शून्यावर आला की ते उघडल्याचं कळायचं. किटवर त्यासाठी बारीक दिवा आहे, तो उन्हात दिसत नाही, म्हणून डोक्यावर गोणपाट धरून जुळवलं. "भाऊ, आते हात नको लावू तिले," असं मिस्तरींनी बजावलं, आणि अजून हात लावायची वेळ आलेली नाही. लळिंगचा घाट डबलसीट चढताना नॉकिंग नाही, किकही उलटी मारत नाही.

खटकलं ते बॅटरीचं. उतरलेल्या बॅटरीवर पॉइंटची गाडी चार किकांत तरी उठायची. हे किट सरळ गप्प बसतं.

त्या 'धुक… धुक'साठी टायमिंग मागे ओढून स्लो पाडणाऱ्यांना एकच विचारतो: ऑइल पंपाचा वेग इंजिनच्याच वेगावर अवलंबून, मग वर हेडला तेल किती पोचत असेल?

ॲव्हरेजमध्ये म्हणाल तर काही फरक नाही.