मोठी बॅटरी ठणठणीत, बारा व्होल्टच्या डबड्याने मान टाकली: माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा अनुभव

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चाहते आणि विरोधक भांडत बसतात आणि मला जे सांगायचंय ते बाजूला राहतं. मध्यम आकाराची एसयूव्ही आहे, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी, फास्ट चार्जिंगचं सीसीएस-२ सॉकेट, पार्किंगमध्ये ७.२ किलोवॉटचा चार्जर. वर्ष उलटून गेलंय आणि पावसाळेही ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत काढून झालेत.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच खूप आहे. कासारवडवलीहून ऐरोलीला कामाला जातो. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत रांग, डोक्यावर मेट्रो ४ चं काम, आजूबाजूला कंटेनर. जुन्या पेट्रोल गाडीत या पट्ट्यात डावा पाय भरून यायचा आणि मायलेज ढासळायचं. आता पाय उचलला की मोटर जनरेटर होते, वेग कमी होतो आणि वीज परत बॅटरीत जाते. ब्रेकला हात, म्हणजे पाय, क्वचितच लावावा लागतो. युनिटला सात किलोमीटर आरामात मिळतात. फक्त महावितरणचा इलेक्ट्रिक गाडीसाठीचा वेगळा मीटर घ्या. घरच्या मीटरवर महिन्याला तीनशे युनिटच्या वर गेलात की दर असा चढतो की निम्मी बचत तिथेच जाते.

ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूवर टोल माफ झाला. पुण्याला जाताना ३२० रुपये वाचतात, येताना पुन्हा तेवढेच. गाडीप्रेमी माणूस म्हणून सांगतो, खंडाळ्याच्या चढावर ही मोटर ज्या सहजतेने ओढते तसं या किमतीतलं एकही इंजिन ओढत नाही.

आता मूळ दुखणं.

एका सकाळी पोडियममध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, गाडी उघडायला गेलो तर दार ढिम्म. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. स्टार्टचं बटण दाबलं, स्क्रीन क्षणभर उजळला, बॉनेटखालून टकटकटक असा आवाज आला आणि सगळं काळं. आदल्या रात्री गाडी पळवणारी मोठी बॅटरी ऐंशी टक्क्यांवर होती. चार्जर लावून पाहिला, तोही दाद देईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गाडीतही साध्या गाडीसारखी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, माझ्या गाडीत ती जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड. कुलपं, दिवे, स्क्रीन, बॅटरीवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर, सगळं तिच्यावर चालतं. मोठी बॅटरी गाडी बंद असताना कॉन्टॅक्टरने, म्हणजे विजेवर ओढल्या जाणाऱ्या दणकट स्विचने, तोडून ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे. शेकडो व्होल्ट रात्रभर गाडीभर खेळवणं धोक्याचं. पण तो कॉन्टॅक्टर ओढून धरायला बारा व्होल्टच लागतात. ते नसले की तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली. मला ऐकू आलेली टकटक म्हणजे कॉन्टॅक्टर ओढायचा प्रयत्न करत होता आणि जोर पुरत नव्हता.

पेट्रोल गाडीत ही बॅटरी मरायच्या आधी आठवडा-दोन आठवडे ओरडून सांगते. स्टार्टर, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, जड फिरतो, थंडीत कण्हतो, आपण बॅटरीवाल्याकडे जातो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. बॅटरी अर्धमेली झाली तरी कॉन्टॅक्टरपुरतं बळ तिच्यात असतं, म्हणून काल संध्याकाळपर्यंत गाडी झकास आणि आज मेलेली. मधली पायरीच नाही. स्क्रीनवर टायरचा दाब दिसतो, गाण्याचं कव्हर दिसतं, पण बारा व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टेज कुठेच दिसत नाही. ज्याच्यावर अख्खी गाडी अडते तोच एक आकडा लपवून ठेवलाय, याचा मला मनापासून संताप येतो.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सर, हाय व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल, गाडी उघडू नका, फ्लॅटबेड पाठवतो." फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, आला, पण पोडियमच्या उंचीच्या दांड्याखालून आत येईना. गाडी पार्कमध्ये अडकलेली, चाकं लॉक, ढकलायचीही सोय नाही. मी सांगत होतो की जंपर केबल लावून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज देऊन बघा. त्यांचा माणूस म्हणाला, परवानगी नाही. शेवटी तो निघून गेल्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांची जुनी पेट्रोल गाडी शेजारी लावली, केबल जोडल्या आणि पाच मिनिटांत माझी गाडी जिवंत. (आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी मात्र जंप करू नका, मॅन्युअलमध्ये बहुधा मनाई असते.)

पुढची लढाई बिलाची. मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी, तिच्या जाहिराती गावभर. ही छोटी मात्र "वेअर अँड टेअर" आणि तिची मुदत संपलेली. नौपाड्यातल्या बॅटरीवाल्याने याच मापाच्या बॅटरीचा जो भाव सांगितला त्याच्या जवळपास दुप्पट सर्व्हिस सेंटरचा. बाहेरून बसवली तर गाडीची वॉरंटी जाईल, असा दमही दिला. मी एवढंच म्हणालो, "हे वाक्य मला ईमेलवर लिहून द्या." तीन वेळा मागितलं. तोंडी प्रत्येक वेळी तेच, लेखी कुणीच देईना. मी नौपाड्यातून बसवली. पुढच्या सर्व्हिसला वॉरंटीबद्दल चकार शब्द निघाला नाही. तुम्हालाही असं कुणी बजावलं तर लेखी मागा, आणि अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पण बॅटरी इतक्या लवकर गेलीच का? व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घेऊन बसलो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विसावल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. नवीकोरी बॅटरी रात्री १२.६ वर सोडली तर सकाळी १२.२ वर. डॅशकॅम काढून पाहिला, फरक नाही. गाडी बंद असूनही आतलं काहीतरी जागं राहत होतं. माझा संशय मोबाइल ॲपसाठी नेटवर्कला चिकटून बसणाऱ्या मॉड्यूलवर होता. लेड-ॲसिडला रोज असं अर्धं उपाशी ठेवलं की प्लेटवर सल्फेट साचतं आणि तिचं आयुष्य घटतं.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि मध्ये कंपनीचा सॉफ्टवेअर अपडेट आला. यादीत नेहमीचंच "कामगिरीत सुधारणा". नंतर मोजलं तर सकाळचा आकडा १२.५ च्या खाली जाईना. आता गाडी उभ्या उभ्या मधूनच स्वतःहून जागी होते आणि मोठ्या बॅटरीतून छोटी भरून घेते. मीटर लावून बसलो असताना आकडा १४ वर चढलेला मी पाहिलाय. म्हणजे "गाडी घेऊ नका" असं जे मी वर लिहिणार होतो, ते खोडलं. दुरुस्ती चांगली आहे. पण मग आधी ज्यांच्या बॅटरी गेल्या त्यांनी पैसे का भरायचे? दोष सॉफ्टवेअरचा होता हे कंपनीने स्वतःच दाखवून दिलंय.

आणि हे एकाच कंपनीचं नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ आणि कियाने ईव्ही ६ भारतात परत बोलावल्या त्या याच कारणासाठी: चार्जिंग कंट्रोल युनिट बिघडून बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती. टेस्लाने २०२१ पासून लेड-ॲसिड सोडून लिथियमची छोटी बॅटरी आणली. लेड-ॲसिड बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८५९ सालची. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला, हँडल मारून इंजिन चालू करायची कटकट संपली आणि त्या काळच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा बाजार उठायला मोठा हातभार लागला. त्या स्टार्टरसाठी पोसलेली बॅटरी आपल्या कंपन्यांनी स्टार्टर नसलेल्या गाडीत जशीच्या तशी उचलून ठेवलीय. दोन-चार हजार वाचवायला. पॅनोरॅमिक सनरूफला मात्र पैसे आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ५ होता तो ५ च राहिला. किमतीतलं अंतर कमी झालंय. यापुढे माणूस इलेक्ट्रिक घेईल तो भरवशावर, आणि पोडियममध्ये मेलेली एक गाडी अख्ख्या सोसायटीचा भरवसा घालवते. आमच्याकडे दोघांनी बुकिंग थांबवलं, मी स्वतः पाहिलंय.

माझा धाकटा भाऊ कळव्याला राहतो, दिवाळीच्या आधी गाडी घेतोय. त्याला हीच घे म्हटलंय. फक्त डिलिव्हरी घेताना बॉनेट उघडून बारा व्होल्टच्या बॅटरीवरची बनावटीची तारीख बघायची, तिची वॉरंटी किती ते सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यायचं, आणि हे दोन्ही झाल्याशिवाय शेवटचा चेक द्यायचा नाही.