चिनी बनावटीची २२९ सीसी ड्युअल-स्पोर्ट : पुण्यातील चौदा महिने, अकरा हजार किलोमीटर

चौदा महिन्यांपूर्वी मी पिंपरीतील एका गृहस्थांकडून चिनी बनावटीची एक ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी, मोटारसायकल विकत घेतली. गाडी २०१८ सालच्या नोंदणीची, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) आणि जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेली होती. तिचे भाग चीनमधून आणून इथे जुळवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला होता आणि म्हणूनच ती माझ्या खिशाला परवडली. त्यानंतर मी ती धायरी ते हिंजवडी अशी रोज चालवली, सुट्टीच्या दिवशी पानशेत, वेल्हे आणि मुळशीच्या मागच्या कच्च्या रस्त्यांवर नेली आणि तीन वेळा ताम्हिणी उतरून कोकणात नेऊन आणली. या काळात गाडीच्या ताकदीत जो फरक पडला, तो कशामुळे पडला आणि कशामुळे पडला नाही, हे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण अशी गाडी घेणाऱ्याला पुण्यात सल्ले पुष्कळ मिळतात, पण मोजून पाहिलेली माहिती फार थोडी मिळते.

पहिल्या महिन्यात मी निराश झालो होतो हे खरे. गाडीला पिकअप नव्हता, साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर स्थिर धरला तरी ती हलके हलके ओढ घेऊन सोडत असे आणि सिंहगडाच्या घाटात गोळेवाडीच्या पुढे पत्नी मागे बसलेली असताना दुसरा गिअर सोडताच येत नसे. इंजिनावर १६७एफएमएम असा क्रमांक आहे. त्यातला पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ६७ म्हणजे मिलिमीटरमधला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एफ म्हणजे हवेने थंड होणारे, त्यापुढचा एम मोटारसायकलसाठी आणि शेवटचे अक्षर क्षमतेचा गट दाखवणारे. ६७ मिमी बोअर आणि ६५ मिमी स्ट्रोक (पिस्टनच्या वर-खाली जाण्याचे अंतर) यांचा हिशेब २२९ सीसी येतो, मात्र गट अडीचशेचा असल्यामुळे टाकीवर २५० लिहिलेले असते. हे पुशरॉडचे (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे) इंजिन होंडाच्या १९७६ सालच्या सीजी १२५ या गाडीच्या घराण्यातले आहे. साधे, कणखर आणि दुरुस्तीला सोपे असे ते इंजिन आहे. कागदावर त्याची साधारण सोळा अश्वशक्ती आहे आणि एवढ्या वजनाच्या गाडीला ती पुरते. माझ्या गाडीत ती ताकद चाकापर्यंत पोहोचतच नव्हती. म्हणून इंजिनात नवीन काही घालण्याआधी असलेली ताकद कुठे गळते आहे ते शोधायचे, असे मी ठरवले आणि पुढचे सगळे काम त्याच दिशेने केले.

मोजमापाशिवाय हे शोधता येत नाही. नवीन भाग बसवला की गाडी चांगली पळते असे दोन दिवस वाटतेच. त्यामुळे खडकवासल्याच्या पुढे पानशेत रस्त्यावरचा एक सपाट, मोकळा टप्पा मी निवडला. तिथे पहाटे चौथ्या गिअरमध्ये ४० ते ७० हा वेग गाठायला लागणारा वेळ फोनच्या जीपीएसवर नोंदवायचा, जाताना तीनदा आणि येताना तीनदा, आणि त्याची सरासरी वहीत लिहायची, असा नियम केला. एका वेळी एकच बदल करायचा, हा दुसरा नियम. पहिली नोंद १३.५ सेकंदांची होती. गाडीचा स्पीडोमीटर ७० दाखवतो तेव्हा जीपीएसवर ६४ असतात, हेही याच वेळी कळले.

सुरुवात टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीपासून केली. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता मॅग्नेटोच्या झाकणावरची दोन्ही बुचे काढली, क्रँक हळूहळू फिरवून टी ही खूण (पिस्टन वरच्या टोकाला असल्याची) खिडकीत आणली आणि दोन्ही रॉकर मोकळे हलतात याची खात्री करून घेतली. ते मोकळे नसतील तर पिस्टन वरच्या टोकाला असूनही कॉम्प्रेशनच्या फेरीत नसतो आणि सगळे माप चुकते. इनलेट व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाची) ०.१५ मिमीची पाती सहज जात होती. एक्झॉस्टमध्ये मात्र ०.०५ ची पातीसुद्धा अडकली. म्हणजे इंजिन तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता, थोडे कॉम्प्रेशन तिथून निसटत होते आणि गाडी गरम असताना सुरू व्हायला त्रास का देते याचे उत्तर माझ्या हातातल्या त्या पातळ पातीवर होते. दोन्ही व्हॉल्व्ह ०.०८ मिमीवर आणले. चेकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पाती पुन्हा घालून पाहिली आणि तिसऱ्या प्रयत्नात माप जुळले. पाऊण तासाचे काम, खर्च फक्त फीलर गेजचा, आणि पुढच्या रविवारी नोंद १२.४ सेकंदांवर आली.

कार्बोरेटरवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि माझ्या मते या गाडीचे खरे दुखणे तिथेच होते. सकाळी बराच वेळ चोक लागणे, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके फुटणे आणि स्थिर वेगाला ओढ घेऊन सोडणे ही तिन्ही लक्षणे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याची, म्हणजे गाडी लीन चालत असल्याची आहेत. धुराचे नियम पाळण्यासाठी या गाड्या कारखान्यातूनच लीन येतात. त्यात आता पेट्रोलची भर पडली आहे. २०२३ पासून काही पंपांवर आणि आता बहुतेक सगळीकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ पटच लागते, त्यामुळे या मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो, पण कार्बोरेटरला ते कळण्याचा मार्ग नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडत राहतो आणि आधीच लीन असलेली गाडी आणखी आठ टक्के लीन होते. जास्त इथेनॉल धरून न बनवलेल्या जुन्या गाड्यांमध्ये ते रबरालाही सोसत नाही. माझ्या पेट्रोल कॉकची ओरिंग (रबरी कडी) फुगली होती, ती आणि कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई त्याच वेळी बदलून घेतली.

माझ्या कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य छिद्र) ११० चा होता. हा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणून ११० वरून ११५ वर गेले की क्षेत्रफळ नऊ टक्क्यांहून थोडे अधिक वाढते आणि ही वाढ इथेनॉलमुळे आलेली तूट भरून काढायला जवळपास नेमकी पुरते. मी उत्साहात आधी १२० बसवला होता. त्यात वाढ एकोणीस टक्क्यांची होते आणि सिंहगडावर पोहोचेपर्यंत गाडी गुदमरू लागली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि गड १३०० मीटरच्या आसपास. वर हवा विरळ होते, इंधन मात्र त्या प्रमाणात घटत नाही. उलट कोकणात उतरले की हवा दाट होऊन तीच गाडी लीनकडे झुकते. म्हणून पुण्यात राहणाऱ्याने जेट ठरवताना गड आणि समुद्र दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावेत. ११५ चा जेट बसवल्यावर मी नवा प्लग लावून दिवेआगरला गेलो, सकाळी रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन एकदम किल स्विच आणि क्लच दाबला आणि गाडी थांबवून प्लग काढला. पोर्सिलीनच्या बुडाशी फिकट तपकिरी कडे होते, पांढरे फटक नव्हते, म्हणजे गाडी लीन नव्हती. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

पायलट जेट (ॲक्सिलरेटर जवळजवळ बंद असताना पेट्रोल देणारा) एक क्रमांकाने वाढवला. नीडलला (ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईला) क्लिपची एकच खाच असल्याने तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वायसर घालून ती उचलली. ओढ घेऊन सोडण्याची तक्रार या वायसरनेच गेली, कारण रोजच्या गाडी चालवण्यात ॲक्सिलरेटर पाव ते अर्धा उघडलेला असतो आणि तिथे नीडलचे राज्य चालते. हे सगळे झाल्यावर पीयूसी काढून घेतले आणि ते व्यवस्थित मिळाले. जेटच्या बाबतीत एक कळकळीची विनंती आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने मला सांगितले, "दादा, नवीन जेट कशाला, तार फिरवून हाच मोठा करून देतो." तसे करू देऊ नये. छिद्र गोल राहत नाही, त्याची कड खरवडते आणि मग त्या जेटचा आकडा काय हे कोणालाच सांगता येत नाही. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधल्यास जेट मिळतात. जुना जेट बरोबर नेऊन आटे जुळवून पाहावेत.

कार्बोरेटरनंतरची नोंद १०.६ सेकंदांची होती.

पैसे वाया गेले ते 'रेसिंग' म्हणून मिळणाऱ्या सीडीआयवर, म्हणजे ठिणगी कधी पडावी हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर. तो बसवून तीन रविवार मोजले, तेव्हा सेकंदाचा दहावा भागही कमी झाला नाही. इंजिनाची आवर्तने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वाढवायला आड येतात ते लांब पुशरॉड आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, कारण फार वरच्या आवर्तनांना व्हॉल्व्ह कॅमच्या मागे वेळेवर बसू शकत नाही. ठिणगीची मर्यादा हटवून ही अडचण सुटत नाही. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला मी हात लावला नाही. पुण्यात वाहतूक पोलीस त्यावर कारवाई करतात आणि ते योग्यच आहे. शिवाय मोकळ्या सायलेन्सरने मिश्रण पुन्हा लीन होऊन वरची सगळी मेहनत फुकट गेली असती.

ताकद इंजिनाबाहेरही गळत होती. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवले, तर ते एक फेरीही पूर्ण न करता थांबत असे. मागच्या ड्रम ब्रेकचा कॅम कोरडा होऊन अडकला होता आणि लायनर सतत घासत होते. पुढच्या कॅलिपरच्या पिना काढल्या, तर त्यांवर ग्रीसचा मागमूस नव्हता. स्विंगआर्मचा बोल्ट काढायला लाकडी ठोकळा ठेवून हातोडा वापरावा लागला. जुळवणी करणाऱ्या हातांनी ग्रीस वाचवले होते आणि त्याची किंमत मालकाने मोजायची होती, याचा मला आजही राग आहे. चाकांची बेअरिंग खरखरत होती. त्यांच्या कडेवर ६२०२ आणि ६३०२ हे आकडे कोरलेले होते आणि ही मापे जगभर एकच असल्यामुळे गाडीचे नावही न सांगता नाना पेठेतल्या काकांनी दोन मिनिटांत दर्जेदार बेअरिंग काढून दिली. ज्या गाडीची कंपनी उरलेली नाही तिच्या मालकाला अशा आकड्यांचा फार मोठा आधार असतो. या कामानंतर चाक पाच-सहा फेऱ्या फिरू लागले, नोंद ९.९ वर आली आणि माझ्या हिशेबात लिटरला २६ देणारी गाडी तीसपर्यंत गेली.

चेनच्या दातांचा निर्णय मात्र सोपा नव्हता. मूळ गाडीला पुढे १५ आणि मागे ५० दात होते. हे गुणोत्तर शेताच्या बांधावरून जायला उत्तम असले तरी सातारा रस्त्यावर पासष्टलाच इंजिन ओरडू लागते. पुढे १७ दात घातल्यावर त्याच वेगाला इंजिनाची आवर्तने बारा टक्क्यांनी खाली आली आणि एकट्याने हायवेवर जाताना फार सुख वाटले, पण दोघे बसून खंबाटकी चढताना पाचवा गिअर निरुपयोगी झाला आणि वेल्ह्याच्या पुढच्या दगडी चढावर पहिल्या गिअरमध्येही क्लच अर्धा धरून ठेवावा लागला. तसे चालवले तर क्लचप्लेटा लवकर जळतात. शेवटी १६ वर स्थिरावलो. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे दात बदलले तरी काटा तेवढेच खोटे सांगतो. १७ चा स्प्रॉकेट मी जपून ठेवला आहे, कारण लांबच्या एकट्याच्या प्रवासाआधी तो बसवायला वीस मिनिटे लागतात.

ऑइलविषयी थोडक्यात सांगतो. या इंजिनात कागदी फिल्टर नाही, जाळी आहे, म्हणून जेएएसओ एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या) दर्जाचे ऑइल मी दर दीड हजार किलोमीटरला बदलतो आणि जाळी धुतो. लागते जेमतेम एक लिटर. नटबोल्ट मऊ आहेत, तेव्हा ते अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळावेत आणि निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक) वापरावे. पावसाळ्याआधी प्लगची टोपी आणि वायरिंगचे जोड ग्रीस लावून बंद केले, त्यानंतर ताम्हिणीच्या पावसातही गाडी बंद पडलेली नाही.

आजची नोंद १०.१ सेकंदांची आहे, कारण १६ दातांमुळे थोडा पिकअप गमवावा लागला. सिंहगडाच्या घाटात पत्नीला घेऊन मी आता बहुतेक चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढतो आणि फक्त तीव्र वळणांवर दुसरा टाकतो. सीडीआयचे पैसे वगळता या सगळ्याला एका चांगल्या सायलेन्सरच्या किमतीपेक्षा कमी खर्च आला. ज्याला रविवारची सकाळ पाने आणि पाती घेऊन गाडीपाशी बसण्यात घालवायला आवडते, त्याने अशी गाडी जरूर घ्यावी. ज्याला ती फक्त चावी फिरवून चालवायची आहे, त्याने सर्व्हिस सेंटर असलेली भारतीय कंपनीची गाडी घ्यावी, असे मी माझ्या धाकट्या भावालाही सांगितले आहे.

पंचाऐंशीच्या पुढे पायाच्या खुंटांना येणारी थरथर अजून गेलेली नाही. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट दोनदा तपासून झाले. आता पुढच्या आठवड्यात वरचा ब्रॅकेट काढून त्याच्या छिद्रांचे माप घेणार आहे, कारण एका छिद्रात बोल्ट हाताने हलवला तर तो हलतो.